मानिका म्हणजे सव्वा किलो

मित्रांनो, मी बोलते ती फक्त पोट रिकामे असताना. भरल्या पोटी कुणी फारसे खरे बोलत नाही, हे तुम्हालाही पुढेमागे कळेलच. आत्ता मी रिकामी आहे, फळीवर पालथी आहे आणि स्वयंपाकघरात कुणी नाही. तेवढ्यात सांगून घेते.

मी पितळेची एक जुनी मानिका आहे. तुमच्याकडे शेर आणि पायली, तशी आमच्याकडे मानिका. गोदावरी तुमच्या डोंगरातून निघते आणि आमच्या मुलखात येऊन हातपाय पसरते. तिथे जिकडे पाहाल तिकडे भाताची शेते. अज्जरम गावच्या कासाराने मला घडवले, काठ घासून गुळगुळीत केला आणि तांदूळ भरून पाहिले. तांदूळ बरोबर बसले तेव्हा म्हणाला, "झाली." दुसरे काही भरून पाहावे असे त्याच्या मनातही आले नाही. आमच्याकडे मजुरी तांदळात, दान तांदळात, भिकाऱ्याच्या झोळीत तांदूळ आणि श्राद्धाला येणाऱ्या ब्राह्मणाच्या उपरण्यातही तांदूळच. जगात मोजण्यासारखे दुसरे काही असते, हे आम्हा लोकांना सणावारीच आठवते.

पण मला पहिल्यापासून एक गोष्ट ठाऊक होती. माझे पोट सगळ्यांना सारखेच, पण भार सारखा नाही. चुरमुरे भरा, मी पोराच्या हातातही तरंगते. मीठ भरा, बाईचे मनगट वाकते. हे मला माहीत होते आणि शेषम्माच्या मनगटाला माहीत होते. तिसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

शेषम्मा म्हणजे आमच्या घरची मालकीण. बोलायला तिखट, हाताने नेमकी. रोज सकाळी ती माझ्यात तांदूळ भरायची, तेही शीग लावून, कारण तांदळाला शीग नसली तर लक्ष्मीला राग येतो म्हणे. डाळीला अर्धी शीग. आणि वर्षातून एकदा, वैशाखात, कैऱ्या आल्या की माझी खरी परीक्षा असायची. तेव्हा घरात आवकाय व्हायचे.

आवकाय हे कैरीचे लोणचे असते, मोहरीची कच्ची पूड घातलेले, बघूनच डोळ्यांत पाणी आणणारे. शेषम्माचे माप ठरलेले होते. फोडी आठ मानिका. मीठ, तिखट आणि मोहरीची पूड प्रत्येकी एक मानिका. फोडी भरताना ती मला दोनदा हिसका द्यायची, म्हणजे पोकळ जागा उरू नये. मीठ मात्र खडेमीठच, उन्हात वाळवून कांडलेले. ते भरले की तळहात काठावरून सपकन फिरवायची. शीग नाही आणि खळगाही नाही. उरलेले मीठ परातीत पडायचे तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तुम्ही म्हणाल, लोणचे ते लोणचे, त्याचे एवढे काय? मित्रांनो, आमच्या मुलखात बरणी बिघडली की लोणच्याला कुणी नावे ठेवत नाही. हाताला ठेवतात. त्या हाताला आवकाय धार्जिणे नाही, म्हणजे त्या हाताला ते घरही धार्जिणे नाही, असा हिशेब लगेच मांडला जातो. शेषम्माचा मुलगा भास्करम. त्याची पहिली बायको पद्मावती. तिने एका वैशाखात सासूच्या तापामुळे एकटीने लोणचे घातले. श्रावणात बरणीवर पांढरी बुरशी धरली. त्याच श्रावणात सासरा गेला. म्हातारा वर्षभर खोकत होता, वैद्याने हात टेकले होते, पण ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही. बुरशी आणि मयत या दोन गोष्टींची लोकांनी बेरीज केली. बेरीज करायला माणसांना फार वेळ लागत नाही. वजाबाकीला लागतो. पद्मावती बैलगाडीत बसून माहेरी गेली ती गेलीच. तिला आणायला कुणी गेले नाही.

मग हैमावती आली. दुसरेपणावर दिलेली, गरिबाघरची, बोलायला मऊ. शेषम्मा तिला रागवायची, पण मीठ भरताना आपल्याशेजारी बसवायची. "बघून ठेव गं," एवढेच म्हणायची. हैमाने बघून ठेवले, पण हात लावला नाही. सासूचा हात चालतो आहे तोवर सुनेने मापाला हात लावायचा नाही, अशी रीत होती.

आणि एका माघात शेषम्मा न्हाणीघरात पडली. उजवे अंग लुळे पडले. जीभही गेली. "बा… बा…" एवढाच आवाज उरला. माणसे तिच्याशी मोठ्याने बोलू लागली, जणू ती बहिरी झाली होती. नंतर माणसे हळूहळू तिच्याशी बोलेनाशी झाली.

तो वैशाख माझ्या लक्षात आहे. हैमाच्या हाताचे पहिले आवकाय होते, आणि गाव बघत होते.

कैऱ्या उतरवल्या त्या दिवशी भास्करमची थोरली बहीण आली. कनकरत्नम तिचे नाव, सासर तणुकूला, नवऱ्याची तांदळाची गिरणी. बाई अंगाने भरलेली, दागिन्यांनी त्याहून भरलेली आणि मतांनी तर ओसंडणारी. तिच्या पिशवीतून एक तराजू निघाला. वर ताट, पोटात घड्याळासारखी तबकडी आणि एक लाल काटा. गिरणीत तांदळाचे नमुने तोलायचा होता तो.

"हे काय गं हैमा? अजून हे डबडंच?" मला उचलून ती म्हणाली.

"वदिना, अत्तय्या ह्याच मापानं घालतात," हैमा म्हणाली. आमच्याकडे थोरल्या नणंदेला वदिना म्हणतात आणि सासूला अत्तय्या.

"घालतात, कारण तिच्याकडे तराजू नव्हता. आमच्याकडे गिरणीत पोत्यांवर पोती तोलतात, दाणा इकडचा तिकडं होत नाही. ह्या वर्षी तोलूनमापून घालायचं. मागच्यासारखा गोंधळ नको. आण तांदूळ."

मला तांदळाने भरले. तिने आधी माझे रिकामे वजन पाहून ते वजा केले. म्हणजे बाई मूर्ख नव्हती. काटा फिरला आणि थांबला.

"बघ. मानिका म्हणजे सव्वा किलो. आमच्या ह्यांना झोपेतून उठवून विचारलंस तरी हेच सांगतील."

हैमा काट्याकडे पाहत राहिली. "मिठाचंसुद्धा?"

"अगं, किलो म्हणजे किलो! मिठाचा किलो काय वेगळा असतो?"

मित्रांनो, अशी वाक्ये फार घातक असतात. त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. अशा वाक्याशी भांडायला माणसाला जागाच सापडत नाही. हैमालाही सापडली नाही. मला फळीवर ठेवण्यात आले आणि माझ्यात देवाच्या वाती भरल्या. तोंडात वाती कोंबल्यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी अंगणात लोणचे घातले. ऊन असे की विहिरीचा दोरही हाताला चटका देत होता. दोघी नाहून सोवळ्यात होत्या. सोवळ्यात घातलेले लोणचे चाखायचे नसते, तिसऱ्या दिवशी ढवळताना चाखतात. कनकरत्नम तोलत होती आणि हैमा परातीत ओतत होती. फोडी सव्वा सव्वा किलो करत आठ वेळा. मीठ एकदा. तिखट एकदा. मोहरी एकदा. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण यंदा कनकरत्नमलाही एक बरणी न्यायची होती.

मी फळीवरून, उघड्या दारातून पाहत होते. फोडींचा ढीग माझ्या आठ पोटांपेक्षा कितीतरी मोठा झाला होता. मिठाचा ढीग मात्र माझे पोटही भरणार नाही एवढा बसका. तिखट आणि मोहरी हलक्या जातीच्या, त्या वजनात वाढून फोडींच्या जोडीला जाऊन बसल्या. म्हणून रंग झकास आला, वास झकास आला. एकटे मीठ मागे राहिले, आणि मीठ डोळ्यांना दिसत नाही.

पडवीतल्या खाटेवर शेषम्मा होती. तिने तो ढीग पाहिला. तिचा डावा हात खाटेच्या लाकडावर आपटू लागला. टक. टक. टक.

"अत्तय्या, पाणी हवंय?" हैमाने विचारले.

"बा… बा…"

"वारा घालू?"

टक. टक.

"अम्माला वाटतं, तिच्यावाचून ह्या घरात आवकाय व्हायचंच नाही," कनकरत्नम हसून म्हणाली. "जन्मभर हुकूम सोडले, आता हात आपटते. उन्हाची झळ लागतेय तिला. आत न्या."

खाट आत गेली. दार लोटले. लोणचे कालवून होईपर्यंत भिंतीपलीकडून तो आवाज येतच राहिला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. घरात घड्याळ असते ना, त्याकडे जसे देत नाहीत तसे.

तिसऱ्या दिवशी बरण्या उघडल्या. तेल वर आले होते, लालबुंद. शेजारची मंगतायारू मुद्दाम आली. तिला चव घ्यायची होती आणि गावभर सांगायचीही होती.

"अय्यो, काय सुंदर! जिभेला जरासुद्धा झोंबत नाही हो. बाळंतिणीलाही वाढा!"

"तोलून घातलंय," कनकरत्नम म्हणाली. "मीठ कसं बेताचं आहे बघा."

हैमाने बोट चाटले. तिचा चेहरा उतरला. "पण वदिना, अत्तय्या म्हणायच्या, तिसऱ्या दिवशी खारट लागलं तरच ते वर्षाचं. गोड लागलं तर ते पाहुण्याचं."

 कनकरत्नमने बोट पुसले, सावकाश.

"पद्मावतीलासुद्धा असंच फार कळायचं," ती म्हणाली. मग हसली. "बाई गं, ह्या खेपेला बरणी गेली ना, तर माझ्या भावाला पुन्हा बाशिंग बांधावं लागेल. आणि बाशिंग टिकायला आता त्याच्या डोक्यावर केस तरी कुठं उरलेत?"

मंगतायारू पदर तोंडाला लावून हसली. हैमाही हसली. तिला हसावेच लागले. पण बरणीला पांढरे फडके बांधताना तिने गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली.

दुपारी कनकरत्नम ओसरीवर आडवी झाली. आपली बरणी तिने उशाशी घेतली होती, कारण गिरणीवाल्यांच्या घरात कुणावर विश्वास टाकायची सवय नसते. तराजू स्वयंपाकघरातच राहिला होता. हैमाने सासूसाठी गरम भात कालवला, त्यात तूप आणि नवे आवकाय, आणि खाटेशी बसून घास भरवला.

शेषम्माने घास तोंडात धरला. गिळला नाही. ओठांच्या लुळ्या कोपऱ्यातून तो बाहेर येऊ दिला. मग डावा हात उचलला आणि हवेत आडवा फिरवला. सपकन.

"नको? पुरे झालं?"

पुन्हा तोच हात, तसाच आडवा, कशावरून तरी पुसल्यासारखा.

"सांडलं का काही? पुसू?"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने हात परत फिरवला, या वेळी शेवटी मनगट खाली वाकवून, जणू काहीतरी जड धरले आहे. हैमा ते मनगट पाहत राहिली. तीन वैशाख ते मनगट तिने शेजारी बसून पाहिले होते. तिच्या हातातले ताट खाली ठेवले गेले.

ती उठली, माझ्यातल्या वाती काढल्या, मला कोरडे पुसले आणि खाटेवर ठेवले. मीठ आणून भरले. शेषम्माने डाव्या हाताने माझ्या काठावरून तळहात फिरवला. हात डावा होता, पण शीग राहिली नाही आणि खळगाही पडला नाही.

हैमाने ते मीठ तराजूवर ओतले. लाल काटा सव्वा किलोपाशी आला आणि थांबला नाही. दीड किलो ओलांडून पुढे गेला, मग थांबला. मग तिने वाळवणासाठी त्याच सकाळी चिरून ठेवलेल्या कैरीच्या फोडी माझ्यात भरल्या, दोन हिसके दिले, आणि त्या तोलल्या. काटा किलोपर्यंतही गेला नाही. आठशेवर अडकला.

ती जमिनीवर बसली. बोटांवर हिशेब करू लागली. फोडी दीडपटीहून जास्त पडल्या होत्या आणि मीठ मुळात कमी. बोटे पुन्हा पुन्हा मोजली, तरी उत्तर बदलेना. जेवढे मीठ घातले होते, तेवढेच आणखी हवे होते. बरण्यांत अर्धेच मीठ होते.

पुढचे फार घाईत झाले, पण घाई चालणारी नव्हती. बरणीला हात लावायचा तर सोवळे हवे, म्हणजे अंगावर पाणी घ्यायला हवे. आणि लोणच्यात पाण्याचा थेंब गेला तर सगळेच गेले. हैमाने अंगावर घागर ओतली, धूतवस्त्र नेसली आणि परसात उन्हात उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. नखांच्या कडा कोरड्या होईपर्यंत उभी राहिली. ओसरीवर कनकरत्नम घोरत होती. घोरणे थांबले की हैमाचा श्वास थांबायचा. मग आत जाऊन तिने घरच्या दोन्ही बरण्यांत मीठ घातले, तळापासून ढवळले, तेल वर येऊ दिले, फडकी बांधली. गाठीसुद्धा होत्या तशाच.

तिसरी बरणी नणंदेच्या उशाशी होती.

संध्याकाळी कनकरत्नम निघायच्या तयारीत असताना हैमा चहा घेऊन गेली. "वदिना, ते मीठ थोडं…"

"पुन्हा मीठ?"

दोनच शब्द. हैमाने कपबशी ठेवली आणि मागे सरली. तराजू पिशवीत गेला, बरणी मांडीवर गेली आणि बस सुटली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळे सांगितले. "अहो, त्यांना निरोप धाडा."

भास्करम मनाने वाईट नव्हता. पण थोरल्या बहिणीपुढे त्याची मान आपोआप खाली जायची. "अक्काला कोण सांगणार? आधी विचारेल, बरणी कुणाला विचारून उघडली? राहू दे. कदाचित टिकेलही. तेल आहे वर."

माणूस स्वतःला फसवतो तेव्हा 'कदाचित' हा शब्द किती मऊ लागतो! हैमानेही तो उशाशी घेतला. आषाढ लागला, हवा ओली झाली, घरातल्या काड्या पेटेनाशा झाल्या. ती रोज आपल्या बरण्यांचे फडके सोडून पाहायची. वर स्वच्छ लाल तेल. पाहून तिला बरे वाटायचे, आणि लगेच तणुकूची बरणी डोळ्यांपुढे यायची. बरे वाटणे तिथेच संपायचे. तिकडेही एक नवी सून होती. वकुळा. चैत्रात लग्न झालेली.

एके दिवशी भास्करम तणुकूहून आला तो वहाणा न काढताच पायरीवर बसला.

"अक्काची बरणी गेली," तो म्हणाला. "वर साय धरल्यासारखी बुरशी. वकुळानं विटाळात हात लावला म्हणतात. ती नाही म्हणते, रडते, पण कोण ऐकतंय? उद्या तिला माहेरी धाडतायत."

"तिनं काही केलेलं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

भास्करमने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "हैमा, तू तिथं जाऊन तोंड उघडलंस, तर अक्का म्हणेल, हिनंच बिघडवून दिली. ह्या घरात एकदा झालंय ते. मला पुन्हा… तुझी ट्रंक बाहेर गेलेली मला बघवायची नाही."

"म्हणजे एक ट्रंक बाहेर जाणारच," हैमा म्हणाली. "कुणाची, एवढंच काय ते ठरायचंय."

सकाळी तिने मला पिशवीत घातले. शेषम्माच्या पाया पडली. म्हातारीने पिशवी चाचपली, माझा काठ लागला तशी तिची बोटे तिथेच थोडी थांबली. भास्करम दारात उभा होता. पायात वहाणा घालू की नको, हे त्याला बस दिसेपर्यंत ठरवता येईना. शेवटी अनवाणीच मागोमाग आला.

गिरणीचे घर मोठे होते. पुढच्या ओसरीवर कनकरत्नमचा नवरा वीरभद्रराव तांदळाच्या व्यापाऱ्यांबरोबर बसला होता. पुढ्यात नमुन्यांच्या पुड्या आणि तो तबकडीचा तराजू. माणूस कमी बोलायचा, पान जास्त खायचा. उंबऱ्यापाशी एक निळी ट्रंक होती, आणि ट्रंकेशेजारी एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे इतके सुजले होते की ती कुणाकडे पाहते ते कळत नव्हते.

"तू गं इथं कशी?" कनकरत्नम बाहेर येत म्हणाली.

 हैमाने मला पिशवीतून काढले. समोरच्या पोत्यातले तांदूळ माझ्यात भरले आणि तराजूवर ओतले. सव्वा किलो. व्यापारी कौतुकाने पाहू लागले. मग ती तशीच घरात गेली, मिठाची बरणी घेऊन आली, मला मिठाने भरले, तळहात फिरवला आणि ओतले.

काटा पुढे गेला.

"वदिना, आपण मिठाला तांदळाचं वजन लावलं. मीठ कमी पडलं, फोडी जास्त. वकुळानं नाही काही केलं."

सगळे तबकडीकडे पाहत होते. कनकरत्नमचा चेहरा लाल झाला. "तराजू बिघडला असेल," ती म्हणाली.

वीरभद्ररावने तोंडातले पान गालात सरकवले. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, तराजू…"

"समोर कोण बसलंय बघितलंस? पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली नाही. व्यापारी एकमेकांकडे पाहू लागले होते. वीरभद्रराव उठला, मला स्वतःच्या हातात घेतले, स्वतः मीठ भरले, स्वतः तोलले. काटा पुन्हा तिथेच.

"मानिका म्हणजे सव्वा किलो," तो सावकाश म्हणाला. "तांदळाची. माझा तराजू बरोबर आहे. हो की नाही, शेट?"

"बरोबर, बरोबर," व्यापारी म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी एका मुलीची लाज राखली गेली, असे मला म्हणता आले असते तर बरे झाले असते. खरे म्हणजे राखली गेली ती तराजूची. मुलगी त्याच्या आडोशाने वाचली.

कनकरत्नम मात्र हैमाकडे वळली. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. स्वतःच्या बरण्या सावरल्यास आणि माझी जाऊ दिलीस."

"हो वदिना." हैमाने मला तराजूशेजारून उचलून घट्ट धरले. "सांगायला आले होते. भ्याले."

"कुणाला भ्यालीस? मी काय वाघ आहे?"

"तुम्ही बाशिंगाचं बोललात ना, त्याला."

भास्करम फाटकाशी उभा होता. त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "अक्का," तो म्हणाला, "हैमा माझ्याबरोबर आली आहे. माझ्याबरोबरच घरी जाईल." एवढे बोलून त्याला घाम फुटला. पण बोलला.

कनकरत्नमने पदर कमरेला खोचला. चुकले, असे ती म्हणाली नाही. तशी माणसे ते म्हणत नाहीत. ती वकुळाकडे वळून ओरडली, "बघत काय उभी राहिलीस? ट्रंक आत ने. वाटेत ठेवलीय, पाय लागतो माणसाचा!"

वकुळाने ट्रंक उचलली. जड होती, पण तिने कुणाची मदत मागितली नाही. कुणी देईपर्यंत वाट बघायची तिची तयारी नव्हती.

मित्रांनो, तराजूशी माझे वैर नाही. खुशाल किलोवर जा, ते सोपे आहे. पण जाण्याआधी एक करा. घरातले जुने माप कोरडे पुसून घ्या आणि त्यात एकेक जिन्नस भरून वेगवेगळा तोला. मीठ मिठासारखे, पीठ पिठासारखे, फोडी फोडींसारख्या. तांदूळ कितीही मोठा मानाचा असला, तरी सगळ्यांचे वजन त्याच्याकडून विचारू नका. आणि आमच्यासारखी जुनी मापे मोडीत घालण्याआधी, ती कुणाच्या हातून भरली जात होती त्या माणसाला विचारा. त्याची जीभ गेली असेल, तर हाताकडे बघा.

आषाढ पुन्हा येतो आहे. कुठल्या तरी घरात पांढऱ्या फडक्याने बरणीचे तोंड बांधलेले असेल आणि कुणीतरी एका मुलीच्या हाताकडे टक लावून बसले असेल. चूक तराजूवर होते, मित्रांनो, आणि ट्रंक उंबऱ्याशी येऊन बसते.